बॉल नको, वाळू मारा

प्रश्न : माझं वय ५४. नवरा बरीच वर्षं गोल्फ खेळतो, मी तीन वर्षांपूर्वी सुरुवात केली. हँडिकॅप (फेरीत मिळणारी शॉट्सची सवलत) २८. ड्राइव्ह फार लांब नसला तरी सरळ जातो, पटिंगही बरं आहे. पण बॉल ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत गवताजवळच्या) बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला की तो होल माझ्यापुरता संपला. एक तर नुसती वाळू उडते आणि बॉल जागचा हलत नाही, नाहीतर ग्रीन ओलांडून थेट पलीकडच्या झाडीत. मधलं काही नाहीच. नवरा काठावर उभा राहून 'डोकं खाली ठेव, हळू मार' असं सांगत असतो. आमच्यातली एक मैत्रीण म्हणते, ६० अंशांची लॉब वेज घे, बॉल आपोआप वर निघतो. माझ्याकडे सेटबरोबर आलेली ५६ अंशांची सँड वेज आहे. त्यात पावसाळा सुरू झाल्यापासून वाळू ओली आणि खाली टणक. मागच्या आठवड्यात बॉलशेजारचं वाळकं पान उचललं तर 'दोन पेनल्टी', म्हणजे दोन जादा शॉट, म्हणून ऐकावं लागलं. पुढच्या महिन्यात क्लबात महिलांची स्टेबलफर्ड (दर होलला पॉइंट मिळवायची स्पर्धा) आहे. सरावाचा बंकर आहे, वेळही आहे. सुरुवात कुठून करू? आणि लॉब वेज घेऊ का?
– वाळूत रुतलेली, पुणे

उत्तर :

लॉब वेज घेऊ नका. निदान हा पावसाळा संपेपर्यंत तरी नको. बॅगेतली ५६ अंशांची सँड वेज याच कामासाठी बनली आहे आणि तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं ते तुम्हाला अजून कोणी नीट दाखवलेलं दिसत नाही.

तुम्ही दोन चुका लिहिल्या आहेत, एक आखूड आणि एक लांब. मला त्या एकाच चुकीच्या दोन बाजू वाटतात. बॉल वाळूत बसलेला दिसतो, समोर बंकरचा काठ दिसतो, आणि हात बॉलला खालून उचलायला जातात. उचलायच्या नादात वजन उजव्या पायावर सरकतं, त्याबरोबर स्विंगचा तळही मागे सरकतो आणि क्लब, म्हणजे हातातली काठी, बॉलच्या चार-सहा इंच मागेच वाळूत उतरतो. तिथे रुतला तर वाळू उडते, बॉल राहतो. तिथून उसळून वर आला तर पात्याची पुढची धार बॉलच्या पोटात बसते आणि बॉल झाडीत जातो. यातलं काय होणार ते त्या दिवशीची वाळू ठरवते. एकदा झाडीत गेला की पुढच्या वेळी तुम्ही घाबरून स्विंग मध्येच ढिला सोडता, म्हणजे पुन्हा वाळूच उडणार. तीन वर्षं हेच चाललं असेल तर बंकर दिसताच पोटात गोळा येणं साहजिक आहे.

ग्रीनजवळच्या बंकरमधला साधा शॉट हा गोल्फमधला एकमेव शॉट, ज्यात क्लबने बॉलला शिवायचंच नसतं. क्लब बॉलखालून वाळूतून जातो, ती वाळू पुढे उडते आणि बॉल तिच्यावर बसून बाहेर येतो. तेव्हा बॉल वर कसा जाईल ही काळजी तुमची नाहीच. तुमचं काम एवढंच : ठरलेल्या जागी वाळूत शिरायचं आणि पलीकडून बाहेर पडायचं.

यासाठी सँड वेजचा तळ कसा असतो ते एकदा घरी निवांत बघा. क्लब जमिनीवर सरळ टेकवला की तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली असतो. तो फुगीर भाग म्हणजे बाऊन्स. १९३०च्या आसपास बंकरमधून निघायला निब्लिक नावाचा पातळ तळाचा क्लब वापरत, आणि तो वाळूत खाली खाली शिरत जाई. अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेनने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने धातू डकवून तो जाड केला, मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आणली. हॉवर्ड ह्यूजबरोबर विमानात बसलेलो असताना उड्डाणाच्या वेळी शेपटीची हालचाल बघून हे सुचलं, असं तो स्वतः सांगत असे. १९३२ साली इंग्लंडमधल्या सँडविचजवळच्या प्रिन्सेस कोर्सवर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा हा क्लब त्याच्या बॅगेत होता. आज तुमच्या हातात आहे तो त्याचाच वंशज. या तळामुळे क्लब रुतत नाही, वाळूच्या वरच्या थरातून सरकत जातो. अट एकच, हा तळ वाळूला लागला पाहिजे. पुढची धार आधी लागली तर सॅराझेनची सगळी मेहनत वाया.

बऱ्याच वेजवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ५६ आणि १२. पहिला लोफ्ट, म्हणजे पातं मागे किती कललंय तो कोन, दुसरा बाऊन्स. सेटमधल्या क्लबवर नुसतं 'एस' असेल, तरी त्याचा बाऊन्स बहुधा दहा अंशांच्या पुढेच असतो. याउलट ६० अंशांच्या बऱ्याच वेज कमी बाऊन्सच्या येतात, म्हणजे मऊ वाळूत रुतायला तयार. शिवाय लोफ्ट जास्त, म्हणून तेवढ्याच अंतराला स्विंग आणखी जोरात हवा. जे तुम्हाला आज जमत नाही, तेच तो क्लब जास्त मागणार. मैत्रिणीला जमत असेल तर तिला शुभेच्छा.

आता उभं राहायचं कसं. (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून लिहितोय.) सगळ्यात आधी क्लबचं पातं थोडं उजवीकडे उघडा, दहा-पंधरा अंश पुरे, आणि मगच मूठ धरा. हा क्रम फार महत्त्वाचा. बहुतेक जण आधी मूठ धरतात आणि मनगटं वळवून पातं उघडतात. स्विंगमध्ये मनगटं आपल्या जागी परत येतात, पातं मिटतं, धार खाली जाते आणि क्लब रुतला की सगळे म्हणतात, 'उघडून मारलं तरी गेला नाही.' उघडलेल्या पात्याने बॉल किंचित उजवीकडे निघतो, म्हणून पावलं आणि खांदे पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या काठीच्या) जरा डावीकडे रोखा. जरा म्हणजे जराच. काही कोच पूर्ण डावीकडे उभं करून पायांच्या रेषेत आडवा काप मारायला शिकवतात. तो शॉट सुंदर असतो, पण २८ हँडिकॅपला त्याची गरज नाही.

पाय एरवीपेक्षा थोडे फाकवून ठेवा, गुडघे जास्त वाकवा, हात खाली येऊ द्या. पावलं हलवत हलवत वाळूत जरा रुतवा. त्याने पाय घसरत नाहीत, स्विंगचा तळ बॉलच्या खाली जातो, आणि वाळू मऊ आहे की खाली टणक हे पायांना कळतं. क्लबने किंवा हाताने वाळू चाचपणं नियमात बसत नाही, पण नीट उभं राहण्यासाठी पाय रोवायला पूर्ण मुभा आहे, तेव्हा ती माहिती फुकट मिळतेय ती घ्या. पाय फारच खोल गेले तर मूठ तेवढी खाली सरकवून धरा.

बॉल डाव्या टाचेच्या थोडा आत. वजन डाव्या पायावर साठ टक्के, आणि ते शेवटपर्यंत तिथेच. बॅकस्विंगला उजवीकडे झुकायचं नाही. तुमची मुख्य गडबड इथेच आहे असा माझा अंदाज आहे, कारण गवतावर खपून जातं ते वाळूत खपत नाही. आणि मुठीचं टोक पोटासमोर ठेवा, पिनच्या दिशेने पुढे ढकलू नका. दांडा पुढे झुकला की बाऊन्स नाहीसा होतो, पुन्हा धार खाली.

नजर बॉलवर नको. बॉलच्या दोन इंच मागे वाळूचा एखादा कण निवडा आणि त्याच्याकडे बघा. वाळूत शंभराची नवी नोट लांबीला पिनच्या दिशेने पसरली आहे आणि बॉल तिच्या मधोमध बसलाय असं समजा. नोट साधारण साडेपाच इंच लांब असते. मागच्या कडेला शिरायचं, पुढच्या कडेला बाहेर यायचं, नोटेएवढा लांब, पातळसा थर काढून टाकायचा. खड्डा खणायचा नाही.

सरावाच्या बंकरमध्ये पहिले चार-पाच दिवस बॉल खिशातून काढूच नका. क्लबच्या टोकाने वाळूत एक लांब रेघ ओढा, पिनच्या दिशेला आडवी. रेघ दोन्ही पायांच्या मध्ये, किंचित डाव्या पायाकडे येईल असे उभ्या राहा आणि स्विंग करा. वाळूतली खूण रेघेवर सुरू होऊन तिच्या पुढे गेली पाहिजे. मग अर्धं पाऊल पुढे, पुन्हा स्विंग, असं रेघ संपेपर्यंत. रेघेच्या टोकाशी जाऊन मागे वळून बघा. खुणा रेघेच्या मागे सुरू झालेल्या दिसल्या तर वजन अजून उजवीकडे जातंय. कोणाला विचारायची गरज नाही, वाळू सगळं लिहून ठेवते. दहातल्या सात-आठ खुणा रेघेवर सुरू व्हायला लागल्या की रेघेच्या दोन इंच पुढे बॉल ठेवा आणि अगदी तोच स्विंग करा. पहिला बॉल बाहेर पडेल तेव्हा तुम्हाला जोर लावल्यासारखं वाटणारही नाही.

जोराचं मात्र स्पष्ट सांगतो. बॉल आणि क्लबच्या मध्ये वाळू आहे, ती बराच वेग खाते. गवतावरून पंचवीस-तीस यार्ड जाईल एवढ्या स्विंगला बंकरमधून बॉल दहा यार्डांच्या आसपास जातो. एवढ्या जवळच्या पिनला एवढा मोठा स्विंग करायला मन धजत नाही हे मला कळतं. म्हणूनच आधी रेघ, मग बॉल. दोन इंच मागे शिरायची खात्री झाली की मोठा स्विंग धोक्याचा राहत नाही. अंतर कमी-जास्त करायचं ते स्विंगच्या लांबीने : जवळच्या पिनला हात छातीपर्यंत थांबवा, लांबच्या पिनला खांद्याच्या वर जाऊ द्या. वाळू कमी-जास्त घेऊन अंतर जुळवायच्या भानगडीत पडू नका, ते रोज खेळणाऱ्यांचं काम.

आता नवरोबांच्या सूचना. 'हळू मार' ही बंकरमध्ये देता येईल अशी सगळ्यात वाईट सूचना आहे. 'डोकं खाली ठेव' ऐकायला बरी वाटते, पण ती पाळताना छाती अडकून राहते, हात एकटेच पुढे जातात आणि वाळूत थांबतात. तुम्ही नजर वाळूवर ठेवा, आणि क्लब वाळूतून गेला की छाती पिनकडे वळू द्या, डोकंही तिच्याबरोबर वर येऊ द्या. त्यांना काठावर उभं राहायचंच असेल तर रेक हातात घेऊन राहावं. वाळू सारखी करायला माणूस लागतोच.

पावसाळ्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे वर सांगितलेल्यातलं थोडं उलट करावं लागेल. जोराच्या सरीत उतारावरची वाळू वाहून मध्ये साचते, बारीक गाळ खाली बसतो आणि काही ठिकाणी वाळूचा जेमतेम इंचभर थर उरतो. अशा टणक जागी फुगीर तळ आपटून उसळतो आणि धार बॉलच्या मध्यात बसते. तुमचे झाडीत गेलेले बॉल जून-जुलैपासून वाढले असतील तर कारण हेच. पायांना खाली कडक लागलं की पातं उघडू नका, सरळ ठेवा. नाहीतर पिचिंग वेज घ्या, तिचा बाऊन्स कमी असतो. बॉलच्या इंचभरच मागे शिरा आणि स्विंग आखूड करा, कारण ओल्या वाळूतून बॉल जोरात निघतो आणि ग्रीनवर पडल्यावर पळतो. काठ अगदी बुटका असेल, वाळू घट्ट बसलेली असेल, तर सरळ पटर काढा. कोणी हसलं तर हसू दे, दोन पट्समध्ये होल झाला की हसणं थांबतं. बंकर रोज बघणारा कॅडी सोबत असेल तर पहिल्या टीवरच त्याला विचारून ठेवा, कोणत्या होलच्या बंकरमध्ये वाळू उरली आहे. त्याला ते पाठ असतं.

बॉल वाळूत अर्धा रुतलेला असेल तर सगळा नाजूकपणा सोडा. पातं सरळ किंवा थोडं मिटलेलं, बॉल पायांच्या मध्यावर, क्लब उभा वर उचलून बॉलच्या लगेच मागे खाली आणा. फॉलो-थ्रू (बॉलनंतर क्लब पुढे जाणं) होणार नाही, होऊ नये. बॉल बाहेर येऊन लांब घरंगळेल, तेवढी जागा धरून चाला. चढावरच्या बॉलला खांदे चढाला समांतर करा आणि स्विंग वाढवा, कारण तो उंच जाऊन आखूड पडतो. उतारावरचा बॉल हा खरा छळ. तिथे खांदे उताराला समांतर, वजन सगळं डावीकडे, क्लब उताराबरोबर खाली खाली जाऊ द्यायचा, आणि पिन विसरून ग्रीनचा मोठा भाग बघायचा. फेअरवेवरच्या, म्हणजे ग्रीनपासून लांबच्या, बंकरला यातलं काहीच लागू नाही. तिथे आधी बॉल, मग वाळू, आणि काठ ओलांडेल एवढा लोफ्ट.

वाळक्या पानाबद्दल : तुम्ही चुकला नव्हता. २०१९ साली नियम बदलले तेव्हापासून बंकरमधलं पान, काटकी, खडा उचलता येतो. उचलताना बॉल हलला तर मात्र एक पेनल्टी आणि बॉल परत जागेवर. ज्या बाईंनी टोकलं त्यांनी जुने नियम पाठ केले असणार. पण वाळूला क्लब टेकवायच्या बाबतीत नियम अजून कडक आहे. बॉलच्या लगेच मागे किंवा पुढे टेकवला, सरावाच्या स्विंगला वाळू लागली, किंवा बॅकस्विंगला लागली, तर दोन. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्स कोर्सच्या शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सनला आपण बंकरमध्ये आहोत हेच कळलं नाही. त्याने क्लब टेकवला, दोन पेनल्टी बसल्या आणि प्लेऑफ हुकला. म्हणून रेघेचा सराव सरावाच्याच बंकरमध्ये. स्पर्धेत बॉलमागे क्लब अधांतरी धरायची सवय आत्तापासून लावा.

पाऊस पडून गेल्यावर बॉल साचलेल्या पाण्यात असेल तर बंकरच्या आतच, पिनच्या जवळ न जाता, पेनल्टीशिवाय कोरड्या जागी ड्रॉप घेता येतो, म्हणजे बॉल हातातून खाली सोडता येतो. बंकरबाहेर घ्यायचा तर एक पेनल्टी. पूर्ण भरलेल्या बंकरसाठी क्लबची कमिटी त्या दिवसापुरता स्थानिक नियम लावते, तेव्हा सुरुवातीलाच सूचनाफलक बघा. आणि बॉल काठाच्या पोटात अडकून खेळण्याजोगा नसेल तर तो अनप्लेएबल जाहीर करून बंकरमध्येच दोन क्लबच्या लांबीत ड्रॉप घेण्याला एक पेनल्टी. पिन आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागे जाऊन बंकरबाहेर ड्रॉप घ्यायचा तर दोन. दोन म्हणजे फार वाटतात, पण आत तीन वेळा वाळू उडवण्यापेक्षा स्वस्त.

याचा हिशेब स्टेबलफर्डमध्ये तुमच्या बाजूने आहे. २८ शॉट्स मिळतात असं धरलं तर प्रत्येक होलला एक आणि सगळ्यात अवघड दहा होल्सना दोन. अशा दोन शॉट्सच्या पार-चारला (चार शॉट्समध्ये संपवायच्या होलला) तुमचा दुसरा शॉट बंकरमध्ये गेला. तिसऱ्यात बाहेर ग्रीनवर कुठेही, मग तीन पट्स केले तरी सहा, त्यातून सवलतीचे दोन वजा केले की चार, म्हणजे नेट पार, दोन पॉइंट. पिनशेजारी टाकायची काहीच गरज नाही. बंकरमधून बाहेर काढून एका पटमध्ये होल संपवणं अव्वल व्यावसायिकांनाही साधारण निम्म्या वेळाच जमतं. १९७८ च्या ब्रिटिश ओपनला सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलवर जपानी खेळाडू टॉमी नाकाजिमा दोन शॉट्समध्ये ग्रीनवर होता. पट बंकरमध्ये घरंगळला, बाहेर यायला चार शॉट लागले आणि होलवर नऊ झाले. समोरचा काठ डोक्यावर आला असेल तर आडवं किंवा मागे मारून बाहेर या. त्यात लाज नाही.

त्याच ओल्ड कोर्सवर ११२ बंकर असताना २००० च्या ब्रिटिश ओपनमध्ये टायगर वुड्स चारही फेऱ्यांत एकाही बंकरमध्ये न जाता जिंकला. त्याच्याइतकं नियंत्रण आपल्याला नाही, पण अर्धं काम तुम्हालाही जमेल. ग्रीनसमोर बंकर असेल तेव्हा क्लब निवडताना तुमचा सर्वांत चांगला शॉट नाही, नेहमीचा शॉट किती जातो ते आठवा आणि एक क्लब मोठा घ्या. तोही पोचत नसेल तर बंकरच्या अलीकडे थांबा आणि तिथून चिप करा, म्हणजे आखूड शॉटने बॉल ग्रीनवर टाका. ड्राइव्ह सरळ जातो म्हणता, म्हणजे हे ठरवायला तुम्हाला प्रत्येक होलवर फेअरवेवरून सवड मिळणार आहे.